पसंतीक्रम भरताना कटऑफ कुठे बघायचा, कुठे विसरायचा

पत्र : आम्ही साखळीचे. मुलीने दहावी इथूनच केली, अकरावी-बारावी मात्र बेळगावला माझ्या बहिणीकडे राहून, पीयूसी बोर्डातून. जेईई मेनमध्ये तिचा सर्वसाधारण क्रमांक 41 हजारांच्या आसपास आहे, ओबीसीचा साडेबारा हजारांच्या जवळ. ॲडव्हान्स्ड तिने दिली नाही. तिला कम्प्युटर हवं, ते नाही तर इलेक्ट्रॉनिक्स. आमच्याकडे 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला आहे, त्यामुळे एनआयटी गोव्यात लोकल कोट्यातून जागा मिळेल असं धरून चाललो आहोत. माझा भाऊ म्हणतो, मिळण्यासारखं असेल तेच वर टाका, वरचे नंबर फुकट घालवाल तर खालचीही जागा हातची जाईल. तिचे बाबा म्हणतात, एनआयटी असेल तर शाखा कुठलीही चालेल. फर्मागुडीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजही मनात आहे. जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित केंद्रीय प्रवेशाच्या, यादीत नेमकं काय भरायचं आणि कुठल्या क्रमाने? – एक आई, साखळी

उत्तर :

ताई, क्रमाचं नंतर बोलू. आधी लोकल कोट्याचा हिशेब दुरुस्त करायला हवा, कारण तो चुकला तर पुढची सगळी यादी चुकीच्या आकड्यांवर उभी राहील.

एनआयटीच्या प्रवेशात ‘घरचं राज्य’ म्हणजे उमेदवाराने बारावी पहिल्यांदा ज्या राज्यातून पास केली ते राज्य. जन्म कुठला, आईवडील कुठले, रहिवासाचा दाखला किती वर्षांचा, यातलं काहीही तिथे विचारात घेत नाहीत. तुमची मुलगी बेळगावातून पीयूसी झाली, म्हणजे या प्रवेशापुरती ती कर्नाटकाची. एनआयटी गोव्यात ती परराज्यातली ठरते. मामलेदार कचेरीतून आणलेला रहिवासाचा दाखला इथे उपयोगाचा नाही, तो राज्याच्या प्रवेशासाठी जपून ठेवा. पुढच्या वर्षी गोवा बोर्डातून पुन्हा बारावी दिली तरी हे बदलणार नाही, नियमातला ‘पहिल्यांदा’ हा शब्द त्यासाठीच आहे.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. गोव्यातून बारावी झालेल्यांची रांग खरंच लहान असते आणि तिथला शेवटचा क्रमांक परराज्याच्या रांगेपेक्षा बराच मागे जातो. पण एक दार बंद झालं तसं दुसरं उघडलं आहे, आणि ते तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. प्रत्येक एनआयटीत निम्म्या जागा घरच्या राज्यासाठी असतात. कर्नाटकाची एनआयटी म्हणजे सुरतकल, 1960 सालापासूनची संस्था. तिथे तुमची मुलगी घरच्या रांगेत उभी आहे. ही संस्था अवघड आहे खरी, पण यादीत ती नसणं म्हणजे स्वतःच्या हक्काची रांग सोडून देणं.

गंमत अशी की हीच मुलगी कर्नाटकाच्या स्वतःच्या सीईटीत सरकारी जागांसाठी सहसा कर्नाटकाची धरली जाणार नाही, कारण तिथली नेहमीची अट कर्नाटकात सात वर्षं शिकल्याची आहे. एका मुलीची तीन दारांवर तीन ओळखपत्रं. म्हणून एका प्रवेशाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

जेईईचा अर्ज भरताना ‘स्टेट कोड ऑफ एलिजिबिलिटी’ नावाचा रकाना होता. तिथे सवयीने गोवा टाकलं गेलं असेल, तर जोसाच्या नोंदणीत तो रकाना पुन्हा समोर येईल तेव्हाच दुरुस्तीची मागणी करा. ‘राहू दे, गोवाच बरं’ असा मोह होईल. कागदपत्रांच्या पडताळणीत पीयूसीची गुणपत्रिका लागतेच, आणि तिच्यावर बोर्डाचं नाव असतं. चुकीच्या राज्यावर मिळालेली जागा तिथे रद्द होते, तीही अशा वेळी की चांगल्या जागा वाटून झालेल्या असतात.

आता आकड्यांकडे येऊ. जोसाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे ओपनिंग आणि क्लोजिंग रँकचे, म्हणजे जागा मिळालेल्या पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकाचे, तक्ते आहेत. मागच्या तीन वर्षांचे उतरवून घ्या, आणि प्रत्येक वर्षाची शेवटची फेरी बघा. पहिल्या फेरीचे आकडे बघून घाबरलेले पालक खूप असतात. पाच-सहा फेऱ्यांत पुष्कळ जण जागा सोडून जातात आणि रांग मागे सरकते.

या तक्त्यात कोट्याचा रकाना बारकाईने वाचायला लागतो. ‘एचएस’ म्हणजे घरचं राज्य, ‘ओएस’ म्हणजे परराज्य, ‘एआय’ म्हणजे अखिल भारतीय. तुमच्या मुलीसाठी सुरतकलची एचएसची ओळ, बाकी सर्व एनआयटींची ओएसची ओळ, आणि ट्रिपल आयटींची, म्हणजे माहिती तंत्रज्ञान संस्थांची (आयआयआयटी), एआयची ओळ. एनआयटी गोव्याच्या तक्त्यात ‘जीओ’ असा आणखी एक कोटा दिसेल, तो गोव्यातून बारावी झालेल्यांचा. तिथली एचएसची ओळ काही केंद्रशासित प्रदेशांसाठी आहे. गोव्यातली मुलंसुद्धा तीच आपली समजून चुकीचा अंदाज बांधतात. तुमच्या मुलीची ओळ तिथे ओएस, बाकी दोन्ही विसरा.

दुसरी चूक याहून महागात पडते. खुल्या जागांपुढचा क्लोजिंग रँक सर्वसाधारण यादीतला असतो, ओबीसी जागांपुढचा मात्र ओबीसी यादीतला. म्हणजे ओबीसीच्या ओळीत 13,000 दिसलं तर त्याच्याशी तिचे साडेबारा हजार ताडून बघायचे, 41 हजार नव्हे. लोक 41 हजार ताडून बघतात, ‘आपल्याला कुठे मिळणार’ म्हणतात आणि जी मिळाली असती ती शाखा यादीतून काढून टाकतात.

शिवाय मुलींसाठी 2018 पासून वेगळ्या वाढीव जागा आहेत, तक्त्यात त्या ‘फीमेल ओन्ली’ म्हणून येतात. म्हणजे एकाच शाखेसाठी तिला चार ओळी बघायच्या आहेत : खुल्या सर्वांसाठीच्या, खुल्या मुलींच्या, ओबीसी सर्वांसाठीच्या आणि ओबीसी मुलींच्या. या चारांतली जी तिला सर्वांत सोयीची, ती तुमच्या वहीत उतरवा. फॉर्म भरताना मात्र चार वेळा काही भरायचं नाही. संस्था आणि शाखा एकदाच निवडायची, ती जिथे जिथे पात्र आहे त्या सगळ्या रांगांत संगणक तिला स्वतःच उभी करतो.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. त्यांचा सल्ला काळजीपोटी आहे, पण तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा ते समजून घेतलं तर अर्धी डोकेदुखी जाईल.

समजा सुरतकलच्या एखाद्या शाखेत ओबीसी मुलींच्या रांगेत एकच जागा उरली आहे. तुमच्या मुलीने ती यादीत तिसाव्या क्रमांकावर लिहिली आहे, तिचा ओबीसी क्रमांक 12,500. दुसऱ्या एका मुलीने तीच जागा पहिल्या क्रमांकावर लिहिली आहे, तिचा क्रमांक 12,600. जागा कुणाची? वरच्या 29 ठिकाणी तुमच्या मुलीला काही मिळालं नसेल तर तुमच्या मुलीचीच. कुणी कितव्या क्रमांकावर लिहिलं हे संगणक दोघींची तुलना करताना बघतच नाही, तो गुणवत्ता क्रमांक बघतो. पसंतीक्रम फक्त एवढंच सांगतो की एकीला दोन जागा मिळण्यासारख्या असतील तर त्यातली कुठली द्यायची.

म्हणून वर लिहिलेल्या अशक्य पर्यायाने काहीच नुकसान होत नाही. तो मिळाला नाही तर संगणक पुढच्यावर जातो, इतकंच. उलट ‘मिळण्यासारखं’ वर टाकलं आणि मनापासून हवं असलेलं खाली, तर संगणक मिळण्यासारखं देऊन थांबतो. खालच्या ओळी तो उघडूनसुद्धा बघत नाही. तिथे जागा मिळत होती हे तुम्हाला तक्ते बाहेर पडल्यावर कळतं.

हा गैरसमज येतो कुठून? बराचसा सीमेपलीकडून. महाराष्ट्राच्या सीईटीच्या कॅप फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो, त्यामुळे तिकडचे नातेवाईक पहिल्या क्रमांकाला फार भितात. खरं तर तिथेही प्रामाणिक क्रम लावला तर पहिलाच पर्याय मिळाल्याचं दुःख व्हायचं कारण नाही.

मग मागच्या वर्षीचे आकडे कशासाठी उतरवून घ्यायचे? क्रम लावायला नाही. यादी किती खोलवर न्यायची हे ठरवायला. पर्यायांच्या संख्येवर मर्यादा नाही, पन्नास-साठ भरणं अगदी योग्य आहे. तळाला किमान आठ-दहा पर्याय असे हवेत की तीन वर्षांतल्या सगळ्यात कडक वर्षीसुद्धा त्यांची रांग तिच्या क्रमांकाच्या चांगलीच पलीकडे गेली होती. उदाहरणार्थ, ओबीसीच्या ओळीत साडेबारा हजारांसाठी तळाचे पर्याय पंधरा-सोळा हजारांच्या पुढे बंद झालेले असावेत. तेराला बंद झालेली शाखा तळ म्हणून धरू नका, एका वर्षात हजारभराने रांग पुढेमागे होणं नेहमीचं आहे. आणि तळातला प्रत्येक पर्याय असा हवा की मिळाला तर ती खरोखर जाईल. जिथे जायचंच नाही ते लिहून यादी लांबवू नका. ती जागा मिळाली तर फी भरा नाहीतर सगळ्या फेऱ्यांतून बाहेर व्हा, असा पेच उभा राहतो.

आता प्रत्यक्ष क्रम. संगणकावर बसण्याआधी हे काम कागदावर करा, आणि मुलीला करू द्या. प्रत्येक पर्याय वेगळ्या चिठ्ठीवर : संस्था, शाखा, किती वर्षांचा अभ्यासक्रम. मग दोन दोन चिठ्ठ्या समोर ठेवून एकच प्रश्न विचारायचा : आज या दोन्ही जागा हातात असत्या तर कुठली घेतली असती? जी घेतली असती ती वर. अशा जोड्या लावत गेलं की यादी तयार होते. मध्येच कुणी ‘पण ही मिळणार नाही’ म्हणालं तर त्या माणसाला चहा करायला पाठवा, तो प्रश्न इथे नाही.

या पद्धतीत बाबांच्या म्हणण्याची परीक्षा आपोआप होते. बहुतेक घरांत यादी संस्थेच्या गठ्ठ्यांनी भरतात. आधी सुरतकलच्या सगळ्या शाखा, मग दुसऱ्या एनआयटीच्या सगळ्या, मग तिसरीच्या. सुरतकलला मायनिंग आहे, मेटलर्जी आहे, केमिकल आहे. गठ्ठा पद्धतीने भरलं तर सुरतकलचं मायनिंग हे दुसऱ्या चांगल्या संस्थेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर जाऊन बसतं, आणि संगणक ते आज्ञाधारकपणे देऊन टाकतो. तुमच्या मुलीला मायनिंग हवं असेल तर प्रश्न नाही, गोव्याला खाणी नव्या नाहीत. पण ‘एनआयटीत शिरू, मग शाखा बदलू’ हा हिशेब धरू नका. शाखाबदल पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि रिकाम्या जागांवर असतो. जागा मूठभर, आणि त्या वर्गातल्या सगळ्यांनी हाच बेत केलेला असतो.

आमचं मत विचाराल तर : मुलीची कम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सची आवड पक्की असेल, तर मधल्या फळीतल्या एनआयटीतलं सिव्हिल किंवा मेटलर्जी, आणि फर्मागुडीचं कम्प्युटर, या दोन चिठ्ठ्यांत आम्ही फर्मागुडीची चिठ्ठी उचलू. 1967 पासूनचं सरकारी कॉलेज आहे, फी परवडणारी आहे, आणि चार वर्षं नको त्या विषयात ओढत काढणाऱ्या मुलांचे गुण बघितले तर संस्थेच्या नावाचा फायदा त्यात झिरपून जातो. पण एनआयटीतलं इलेक्ट्रॉनिक्स आणि फर्मागुडीचं कम्प्युटर अशा जोडीत मात्र बाबांशी भांडू नका. तिथे दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि निर्णय मुलीचा.

अंतरही चिठ्ठीवर लिहा, लाजू नका. सुरतकल कोकण रेल्वेवर आहे, थिवी किंवा मडगावहून गाडीत बसलं की थेट. चवथीला घरी यायचं तर देशाच्या दुसऱ्या टोकाच्या एनआयटीपेक्षा हे किती सोपं, ते पहिल्या सत्रातच कळतं. धारवाडची ट्रिपल आयटी घाट चढला की आलीच. आणि एनआयटी गोवा अजून फर्मागुडीलाच आहे असं समजून बसचा हिशेब करणारे पालक भेटतात. ती आता कुंकळ्ळीला आहे, फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या कायमच्या आवाराचं लोकार्पण झालं. फर्मागुडीला सरकारी कॉलेजच्या आवारात 2016 पासून आहे ती आयआयटी, आणि तिला ॲडव्हान्स्डचा क्रमांक लागतो.

पैशांचंही याच चिठ्ठीवर. एनआयटीची शिकवणी फी वर्षाला सव्वा लाख, वसतिगृह आणि खानावळ वेगळी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर शिकवणी फी पूर्ण माफ, एक ते पाच लाखांत असेल तर दोनतृतीयांश माफ. ही सवलत ओबीसी असल्यामुळे नाही, उत्पन्नामुळे मिळते, म्हणून मामलेदारांकडून उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. सार्वजनिक-खासगी भागीदारीतल्या ट्रिपल आयटींची फी एनआयटीपेक्षा बरीच जास्त असते, यादीत त्या वर घेण्याआधी त्यांचं फीचं पत्रक उघडून बघा. कर्ज लागणार असेल तर बँकेत जाण्याआधी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना बघा, ती गोव्याच्या रहिवाशांसाठी आहे. तुमचा रहिवासाचा दाखला इथे कामी येईल.

चिठ्ठ्यांची यादी झाली की फॉर्म भरणं हे टंकलेखनाचं काम. चुका होतात त्या नावांच्या साधर्म्यात. एकाच संस्थेत चार वर्षांचं बीटेक आणि पाच वर्षांची जोडपदवी अशा दोन ओळी शेजारी शेजारी असतात, कालावधी वाचल्याशिवाय टिक करू नका. इलेक्ट्रॉनिक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या शाखाही अनेक आहेत, त्यातली इलेक्ट्रॉनिक्स आणि कम्युनिकेशन कुठली ते बघून घ्या. भरून झालं की यादी छापा आणि दुसऱ्या माणसाकडून चिठ्ठ्यांशी ताडून घ्या. भरणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

मुदत संपण्याआधी मॉक म्हणजे नमुना वाटप जाहीर होतं. ते भविष्य नव्हे. तोवर अनेकांनी यादी भरलेलीच नसते, त्यामुळे त्यात चांगलं मिळालं म्हणून वरचे पर्याय काढू नका आणि काही मिळालं नाही म्हणून क्रम उलटा करू नका. त्याचा उपयोग एवढाच : जी जागा दाखवली ती बघून मुलीचा चेहरा उतरला, तर क्रमात काहीतरी चुकलं आहे.

यादी लॉक करायला शेवटचा दिवस धरू नका. लॉक केली नाही तर शेवटची जतन केलेली यादी आपोआप लॉक होते हे खरं, पण अर्धवट हलवाहलव करताना वीज गेली तर तीच अर्धवट यादी पक्की होते. हे सगळं ऐन जून-जुलैत येतं, आणि आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल हे वेगळं सांगायला नको. एकदा लॉक झालं की सगळ्या फेऱ्यांना हीच यादी, तिच्यात पुन्हा फेरफार नाही.

जागा मिळाल्यावर तीन शब्द समोर येतील. फ्रीझ म्हणजे ही जागा पक्की, पुढे काही नको. फ्लोट म्हणजे ही धरून ठेवतो, पण यादीत हिच्या वर असलेलं काहीही मिळालं तर ते द्या. स्लाइड म्हणजे संस्था हीच राहू दे, तिच्यात वरच्या पसंतीची शाखा मिळाली तर द्या. लोक इथे फसतात ते फ्लोटमध्ये. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते, ‘आधीचीच बरी होती’ म्हणायची सोय नाही. क्रम खरा लावलेला असेल तर फ्लोट बिनधास्त निवडा, कारण वर जे आहे ते सगळं हातातल्यापेक्षा तिला आवडणारंच आहे. फ्लोट निवडताना भीती वाटत असेल, तर दोष फ्लोटचा नाही, यादीचा आहे. फ्रीझ मात्र विचार करूनच, त्यानंतर परतीची वाट नाही.

पहिल्या फेरीत काहीच मिळालं नाही तर काही करायचं नाही, नाव पुढच्या फेरीत असतंच. मिळालं आणि ठरलेल्या वेळेत फी भरून, कागद चढवून ऑनलाइन हजेरी लावली नाही, तर मात्र ती जागाही जाते आणि पुढच्या सगळ्या फेऱ्याही. आवडलेली नसली तरी ती स्वीकारून फ्लोट करावं लागतं. फी हजारांत असते, आणि अनेकांच्या बँक खात्यावर ऑनलाइन व्यवहाराची रोजची मर्यादा त्याहून कमी ठेवलेली असते. ती आधीच वाढवून घ्या. कागद चढवल्यावर पडताळणी अधिकाऱ्याकडून शंका येऊ शकते. तिचं उत्तर मुदतीत गेलं नाही तरी जागा रद्द होते, म्हणून त्या दिवसांत रोज दोनदा लॉगिन करून बघा, एसएमएसची वाट बघू नका.

शंका बहुधा ओबीसीच्या दाखल्यावर येते. गोव्याच्या राज्य यादीत जात असणं पुरत नाही, ती केंद्राच्या ओबीसी यादीत गोव्याच्या नावाखाली असायला हवी. दाखला केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरचा, आणि या वर्षीच्या 1 एप्रिल किंवा त्यानंतरचा हवा. शाळेत असताना काढलेला जातीचा दाखला चालत नाही. बारावी बेळगावला झाली म्हणून तो कर्नाटकातून काढायचा नसतो, तुमच्या उपजिल्हाधिकारी कचेरीतूनच येईल. क्रीमी लेयर ठरवताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेत धरत नाहीत, सरकारी नोकरी असेल तर हुद्दा बघतात. ‘पगार जास्त आहे म्हणून मिळणार नाही’ असं घरीच ठरवून टाकणारी कुटुंबं हा हक्क विनाकारण सोडतात. दाखला वेळेत आला नाही तर तुमच्या चार ओळींतल्या दोन पुसल्या जातात आणि ती 41 हजारांवर उभी राहते. म्हणून तक्ते उतरवण्याच्याही आधी, उद्या सकाळी, हे काम.

नावाचं स्पेलिंगही याच फेरीत बघून घ्या. गोव्यात परब आडनाव एका दाखल्यात ‘पी-ए-आर-ए-बी’ तर दुसऱ्यात ‘पी-ओ-आर-ओ-बी’ असणं काही नवीन नाही, आणि बेळगावच्या कॉलेजने त्यात वडिलांचं नाव पुढेमागे केलेलं असू शकतं. दहावी, पीयूसी, आधार आणि जातीचा दाखला शेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळवा. फरक निघाला तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून तयार ठेवा.

राहिलं फर्मागुडी. ते जोसाच्या यादीत सापडणार नाही. गोव्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी, म्हणजे फर्मागुडीसह वेर्णा, फातोर्डा, शिरोडा आणि आसगावच्या कॉलेजांसाठी, पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडे वेगळा अर्ज असतो, वेगळी मुदत असते आणि रहिवासाची अटही वेगळी असते. त्यांच्या माहितीपुस्तिकेतलं प्रवर्गांचं पान आधी वाचा, विशेषतः बाहेरून बारावी केलेल्या गोमंतकीय मुलांबद्दल जे लिहिलं आहे ते, आणि त्यासाठी आईवडिलांचे कुठले दाखले मागितले आहेत ते. जोसात जागा मिळाली तरी हा अर्ज भरून ठेवा, दोन्हींत भाग घेण्याला बंदी नाही. मात्र मूळ कागद एका ठिकाणी जमा केले की दुसरीकडे प्रत्यक्ष हजर होताना अडचण येते. म्हणून पीयूसीची मूळ गुणपत्रिका आणि कॉलेज सोडल्याचा दाखला कुठेही देताना दोन गोष्टी करा : पोच घ्या, आणि प्रवेश रद्द केल्यास मूळ कागद किती दिवसांत परत मिळतात हे खिडकीवरच विचारा. जोसातली जागा सोडून फर्मागुडी घ्यायचं ठरलं, तर जोसातून माघार शेवटच्या फेरीच्या आधीच घ्यायची असते. प्रक्रिया शुल्क वजा करून पैसे परत येतात. ती तारीख चुकली तर ही सोय संपते, म्हणून दोन्ही वेळापत्रकं एकाच कॅलेंडरवर दोन रंगांत लिहून फ्रिजवर लावा.